गाणाऱ्या बाईचं बक्षीस

गाणं सुरू व्हायच्या आधीच ज्याच्या अंगावर काटा येतो, त्या माणसाशेजारी बसून गाणं ऐकू नये. मी बसले आहे. खंडाळ्याच्या एका बंगल्यात, रविवारी सकाळी साडेअकराला, मांडीवर चीजची बशी घेऊन. माझ्या डाव्या हाताचा गृहस्थ बाही वर सरकवून स्वतःचा हात सगळ्यांना दाखवत होता. "बघा, बघा, आत्तापासूनच गूजबम्प्स!" तबकडी अजून पाकिटातून बाहेरसुद्धा आली नव्हती. माझ्या उजव्या हाताला माझे वडील बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, डावा कान कायमचा बंद, उजवा बंद व्हायच्या बेतात. त्या खोलीत गाणं कळणारा तेवढा एकच माणूस होता. त्या माणसाचं मी त्या दिवशी काय केलं, ते सांगायचं आहे. आठवलं की अजून तोंड कडू होतं.

मी लोणावळ्याला रेल्वेच्या तिकीट खिडकीमागं बसते. अठ्ठावीस वर्षं झाली. दिवसभर काचेच्या भोकातून माणसांची तोंडं बघून बघून मला माणसांचा मुळातच उबग आलेला आहे, हे आधीच कबूल करते. शनिवार-रविवारी तर विचारूच नका. चिक्कीच्या दुकानांपुढं तीन-तीन रांगांत गाड्या, गाडीतून फेकलेली कणसं, आणि "मॅडम, टायगर पॉइंटला कुठली ट्रेन जाते?" असं विचारणारे शहाणे. माझ्या तोंडून चांगला शब्द निघणं अवघड. पण आज जे सांगते आहे त्यात बाहेरगावचे जेवढे आहेत, तेवढीच मीही आहे.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. गाव वडिवळे. भाताची खाचरं होती, पण तीन भावांत वाटण्याइतकी नव्हती, म्हणून आबा तरुणपणीच खंडाळ्याला आले आणि एका पारशी बाईंच्या बंगल्यावर स्वयंपाकी म्हणून राहिले. चौतीस वर्षं. बाई एकट्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. त्यांना दोनच शौक होते, एक मांजरांचा आणि दुसरा इटलीच्या गाण्यांचा. ही साधी गाणी नव्हेत. ते नाटकच, पण बोलायचं काही नाही, सगळं गाऊनच. भांडायचं ते गाऊन, रडायचं ते गाऊन, मरायचं तेसुद्धा गाऊन. दुपारी तीन वाजता बाई तबकडी लावायच्या आणि स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवायला सांगायच्या. का, तर मांजरांना जायला-यायला बरं.

त्या उघड्या दारातून आबांना हे गाणं लागलं. पहिली दोन वर्षं त्यांना वाटायचं की बाईंचं कुणी नातलग मेल्याची ही तबकडी आहे. मग एक दिवस कांदा चिरता चिरता त्यांचा हात थांबला. एक बाई गात होती, आणि ती श्वास कुठं घेते तेच कळेना. "म्या विळी बाजूला ठेवली आन उभाच ऱ्हायलो. म्हनलं, ही आता मरंल. पर न्हाई. शेवटाला आवाज असा बारीक केला, असा बारीक, आन तितनं परत वर!" हे सांगताना आबा अजूनही हात वर नेतात आणि स्वतःचाच श्वास रोखून धरतात.

ती तबकडी म्हणजे एका नाटकाचा एक प्रवेश. बाईंनी त्यांना गोष्ट एकदाच सांगितली होती, ती अशी. एका किल्ल्यावर एक कैदी आहे, उजाडलं की त्याला फाशी. त्याची बायको किल्लेदाराकडं येते, नवऱ्याच्या जीवाची भीक मागते. किल्लेदार ऐकत नाही. ती विनवते, मग भांडते, मग खालून तळघरातून नवऱ्याचा आवाज येतो, आणि तिघं मिळून गातात. आबांच्या डोळ्यांपुढं तो किल्ला म्हणजे आपला लोहगडच. मीही लहानपणी तसंच समजत होते. लोहगडावर इटालियन बोलणारा किल्लेदार कसा, हा प्रश्न आम्हां दोघांनाही कधी पडला नाही.

मी शाळेतून सुटले की कधी कधी बंगल्यावर जायचे. स्वयंपाकघरात पाटावर बसून आबांनी मला हा प्रवेश शिकवला. भाषा त्यांना एका अक्षराची येत नव्हती. "किल्लेदार ऐक," ते म्हणायचे. "मानूस वंगाळ, पर गळा बघ कसा हाय. वंगाळ मानसाला असला गळा दिला की ऐकनाऱ्याची पंचाईत हुती. त्याचा राग बी करता येत न्हाई." आणि तिच्याबद्दल म्हणायचे, "ही रडत न्हाई, आयकलं का? रडली तर सूर जाईल. ती रडनं गिळती, आन मग गाती. रडून दावनाऱ्या बाया लय बघितल्या." खालून येणाऱ्या नवऱ्याच्या आवाजाबद्दल तर ते पुढच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तसे हळू बोलायचे. "त्यो मुद्दाम लांब उभा ऱ्हाऊन गातुय. मोठा गायक हाय, फुडं येऊन गायला असता तर कोन न्हाई म्हननार हुतं? पर न्हाई. तिला मोठं करायला त्यो मागं ऱ्हायला." मी पुढं आयुष्यात गाण्यावरची बरीच भाषणं ऐकली. याच्या नखाचीही सर कशाला आली नाही.

आणि आणखी एक जण होता. ही तबकडी खऱ्या नाटकगृहात, लोकांसमोर भरलेली होती. त्यामुळं त्यात लोकांचं खोकणं होतं, खुर्च्यांचं करकरणं होतं. अगदी शेवटी ती बाई एक सूर लावते आणि धरून ठेवते, आणि तो संपायच्या आत लोकांतला एक माणूस न राहवून ओरडतो. एकटाच. मग सगळं नाटकगृह कोसळतं. आबांचा त्या ओरडणाऱ्यावर फार जीव. "त्यो आपला मानूस हाय," ते म्हणायचे. "त्याला दम निघाला न्हाई. गायन पार्टीत पुढं बसनारा असनार."

आता हे गायन पार्टीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आमच्या बौद्ध वस्तीत जयंतीला गायन पार्टी यायची. हार्मोनियम, ढोलकी, एक गायक किंवा गायिका, मागं कोरस. एखादी ओळ काळजाला लागली की ऐकणारा गाणं संपायची वाट बघत नाही. तो गाणं चालू असतानाच उठतो, सगळ्यांच्या मधून चालत जातो, आणि गायकाच्या हातात किंवा पेटीवर एक नोट ठेवतो. ते बक्षीस. गायक गाता गाताच मान लववतो. नोट एका रुपयाची असो की शंभराची, ती कोरी असावी आणि उठून जाऊन द्यावी. बसल्या जागेवरून पुढं सरकवली तर अपमान.

एका दुपारी त्या गाणाऱ्या बाईनं तो शेवटचा सूर लावला आणि आबा स्वयंपाकघरातून उठून, हात पुसून, दिवाणखान्यात गेले आणि तबकडी फिरत होती त्या यंत्राच्या कडेला दोन रुपयांची नोट ठेवून परत आले. बाई बघतच राहिल्या. त्यांना आधी वाटलं, हा नोकरी सोडतोय. आबांनी समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तिकडे लोक फुलं टाकते. तू बराबर केला." ती नोट त्यांनी तबकडीच्या पाकिटात सरकवली. "तिचे आहे, तिच्याजवळ राहू दे." पुढं वर्षा-दोन वर्षांत एखाद्या वेळी आबा असे उठायचे. रोज नाही. "रोज दिलं तर त्यो पगार झाला," असं त्यांचं म्हणणं.

बाई गेल्या. पुतण्यांनी बंगला सामानासकट विकला. आबा लोणावळ्याला माझ्याकडं राहायला आले. घरी तबकडी नाही, यंत्र नाही. मोबाइल आल्यावर मी त्यांना इटालियन गाणाऱ्या बाया शोधून शोधून ऐकवल्या. प्रत्येकीला ते थोडा वेळ द्यायचे आणि मान हलवायचे. "ही न्हाई. ही बी चांगली हाय, पर ही न्हाई." नाव आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. पाकिटावर काळी अक्षरं आणि लाल कडा होती, एवढंच त्यांना सांगता येई.

मग कान गेला. पुण्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, डावा संपला, उजवा सहा महिने, फार तर वर्ष. मशीन लावून बोलणं थोडंफार कळेल, गाणं नाही. आबांनी मला विचारलं, "काय म्हनला?" मी मोठ्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते बाकावर बसून राहिले आणि म्हणाले, "मग ती येकदा ऐकली पायजे." आई गेल्यावरसुद्धा या माणसानं मला कधी काही मागितलं नव्हतं. हे मागितलं.

मी बंगल्यावर गेले. तिथं आता मुंबईचा एक मालक होता, पन्नाशीचा, जाड विणीचा मळकट रंगाचा सदरा, तो मुद्दाम मळकट. बंगल्याचा आता व्हिला झाला होता, आणि महिन्याच्या एका रविवारी तिथं 'श्रवण' असायचं. म्हणजे बाईंच्या जुन्या तबकड्या लावायच्या, पाहुणे बोलवायचे, वर खायला-प्यायला. मी म्हटलं, माझे वडील इथं चौतीस वर्षं स्वयंपाकी होते, एक तबकडी त्यांना ऐकायची आहे, काळ्या अक्षरांची, लाल कडांची. त्याचे डोळे लकाकले. तबकडीमुळं नव्हे. "म्हणजे ओरिजिनल खानसामा? अजून आहेत? व्वा! त्यांना घेऊनच या. पाहुण्यांना भेटवू. आणि तो पांढरा कोट-टोपी असेल तर घालूनच आणा, फोटो सुंदर येतील."

मी तिथूनच उलट फिरले असते. पण तबकडी त्याच्या कपाटात होती, आणि आबांचा कान माझ्यासाठी थांबणार नव्हता. मी दात चावून हो म्हटलं. आबांना कोटाचं सांगितलं तेव्हा ते हसले. "आज म्या ऐकाया चाललोय, वाढाया न्हाई." त्यांनी पांढरा नेहरू शर्ट आणि वरून काळं जाकीट घातलं. आदल्या दिवशीच त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "खिडकीवरनं दहाची येक कोरी नोट आन." मी आणली. ती कशाला हवी ते मला नीट ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा.

रविवारी घाटाकडं जाणाऱ्या गाड्यांच्या गर्दीतून रिक्षानं पोचायला पाऊण तास लागला. बंगल्यात पंधरा-वीस माणसं. वाइनचे पेले. चीजचा वास म्हणजे पावसाळ्यात चार दिवस न वाळलेल्या मोज्यांचा. आबांना पुढं, स्पीकरच्या समोर बसवलं, ते मीच भांडून बसवलं. नाहीतर मालकानं त्यांच्यासाठी दाराजवळ स्टूल ठेवलं होतं, उभं ठेवलं तर बरं दिसणार नाही म्हणून. मग फोटो. एका बाईनं आबांच्या खांद्यावर हात टाकला, पेला उंच धरला, फोटो काढला, आणि खांद्यावरचा हात रुमालाला पुसला. हो, पुसला. मी बघितलं.

मालकाचं भाषण सुरू झालं. इटालियन माणूस म्हणजे भावना, इटालियन माणूस म्हणजे जगणं, आपण भारतीय फार दबून जगतो, वगैरे. एकेका गायकाचं नाव जिभेवर घोळवून घोळवून घेत होता. समोर बसलेली मंडळी माना डोलवत होती, आणि मधूनच हळूच एकमेकांना विचारत होती की पार्किंगमधली गाडी कुणाची आडवी आली आहे. "कृपा करून मध्ये कुणी टाळ्या वाजवू नका," मालक म्हणाला, "हे काही आपल्याकडचं वाहवा-वाहवा नाही. इथं शांततेला मान आहे." आबांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांची नजर पाकिटावर होती. काळी अक्षरं, लाल कडा. त्यांनी माझा गुडघा दाबला. "तीच हाय."

मालकानं पाकीट तिरपं करून तबकडी हातावर घेतली आणि तिच्यामागून नोटा खाली पडल्या. दोनच्या, पाचच्या, जुन्या, सात-आठ असतील. एकच हशा झाला. "हे काय! बघा, बघा!" मालक नोटा गोळा करत म्हणाला, "कुठल्यातरी नोकरानं दडवलेल्या दिसतात. बिचाऱ्या म्हातारीच्या पाठीमागं स्टाफची चंगळ होती हां!" मग आबांकडं वळून, डोळा मिचकावून, "काय खानसामासाहेब? तुमच्या तर नाहीत ना?"

आबांना शब्द कळले नाहीत. त्यांना मालकाच्या हातात आपल्या नोटा दिसल्या. त्यांचा चेहरा असा फुलला की मी काय सांगू! "व्हय, व्हय! माज्याच हायेत!" ते मोठ्यानं म्हणाले. "ठेवा, तितंच ठेवा. तिच्या हायेत त्या!"

खोली हसून हसून लोळली. त्या गूजबम्प्सवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "कबूल केलं की हो!" कुणीतरी म्हणालं. आबाही हसत होते. त्यांना वाटलं, ही सगळी आपलीच माणसं, यांना बक्षीस कळलं.

दोन वाक्यं पुरली असती. 'ही चोरी नाही, हे बक्षीस आहे. तुम्ही ज्या बाईला ऐकायला जमलात, तिला या माणसानं दिलेलं.' एवढंच. मी खिडकीवर दिवसाला पन्नास जणांना गप्प करते, माझ्या तोंडाला सारं स्टेशन टरकून असतं. आणि तिथं माझ्या तोंडातून हूं की चूं निघालं नाही. कानशिलं तापली होती. मला लाज वाटत होती, आणि ती त्या हसणाऱ्यांची वाटायला हवी होती, ती आबांची वाटत होती. हे लिहिताना माझीच मला शिसारी येते आहे.

तबकडी लागली. आधी ती खरखर, मग लोकांचं खोकणं. आबांनी उजवा कान स्पीकरकडं केला आणि डोळे उघडे ठेवले. डोळे मिटणारे बाकीचे होते. ज्याला खरंच ऐकायचं असतं तो गाणाऱ्याकडं बघतो, मग समोर नुसतं खोकं का असेना. किल्लेदार गायला लागला आणि आबांचा अंगठा जाकिटावर हळूहळू हलायला लागला. ती आली. विनवणी झाली, भांडण झालं. मागं बशीवर काटा वाजत होता, ती फोटोवाली बाई मोबाइलवर चित्रण करत होती, त्यासाठी दोनदा आमच्या पुढून वाकून गेली. मला ते सगळं दिसत होतं. गाणं तेवढं ऐकू येत नव्हतं. कोण आबांकडं बघून हसतंय, हे मी मोजत बसले होते.

खालून नवऱ्याचा आवाज आला. आबा पुढं झुकले. तिघांचं गाणं एकत्र चढत गेलं. मग बाकीचे दोघे थांबले आणि तिनं तो शेवटचा सूर लावला.

आबा उठले. खिशातून दहाची कोरी नोट काढली, दोन बोटांत सरळ धरली आणि एक पाऊल पुढं टाकलं. समोर यंत्र चार हातांवर होतं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. "अरे, आणखी एक!" गूजबम्प्सवाला म्हणाला. मालकानं ओठांवर बोट ठेवून "श्श्" केलं.

मी आबांचं मनगट धरलं. हलकं नव्हे, चांगलं करकचून, लहान पोराला गाडीखालून ओढावं तसं. त्यांना खाली खेचलं आणि उजव्या कानाशी तोंड नेऊन, ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले, "आबा, बसा खाली! लोक बघतायत!"

ते बसले. ताबडतोब बसले. चौतीस वर्षं बंगल्यावर काढलेल्या माणसाला 'बसा', 'उठा', 'जा' हे लगेच कळतं. त्यांनी स्पीकरकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. त्यांच्या उजव्या कानात त्या वेळी माझा आवाज होता. त्या सुराचं काय झालं, तो कुठं संपला, तो न राहवून ओरडणारा माणूस ओरडला की नाही, हे त्यांना कळलं नाही. मलाही कळलं नाही. टाळ्या झाल्या. तबकडीतल्याही आणि खोलीतल्याही. खोलीतल्यांनी आधी मालकाकडं बघितलं आणि मग वाजवल्या.

निघताना मालकानं सगळ्यांसमोर आबांच्या जाकिटाच्या खिशात पाचशेची नोट कोंबली आणि वर थोपटलं. "बक्षीस, काका." त्याचं मनगट कुणी धरलं नाही. आबा "ठँक्यू साहेब" म्हणाले. मी निघता निघता टेबलावरच्या त्या पाकिटाचा फोटो काढून घेतला. तेवढीच काय ती माझी मर्दुमकी.

आम्ही रिक्षानं परत निघालो. खंडाळ्याचं तळं मागं पडल्यावर आबा म्हणाले, "शेवटाला लय येळ धरला का गं तिनं? मला काय उमगलं न्हाई."

"लय वेळ धरला, आबा," मी त्यांच्या कानात ओरडले.

"आन त्यो? वरडला?"

"ओरडला."

ते बाहेर बघायला लागले. दहाची नोट मुठीत होती. ती आता कोरी राहिली नव्हती.

त्यांचा उजवा कान डॉक्टरच्या वर्षापर्यंत टिकला नाही. गणपती झाले आणि गेला. एका सकाळी कुकरची शिट्टी ऐकू आली नाही, म्हणून त्यांनी तीन वेळा झाकण उघडायचा प्रयत्न केला. तेव्हापासून आमचं बोलणं हातांवर आणि पाटीवर. नोटेबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, मीही नाही. मालकानं मात्र त्या जुन्या नोटा काचेच्या चौकटीत लावून दिवाणखान्यात टांगल्या आहेत असं तिथल्या माळ्यानं मला सांगितलं. खाली इंग्रजीत काहीतरी गमतीदार लिहिलं आहे म्हणे. मी बघायला गेले नाही. गेले असते तर तो माणूस आणि मी, दोघांपैकी एकावर थुंकले असते.

पाकिटाच्या फोटोवरून नाव शोधून मला तो प्रवेश मोबाइलवर सापडला. शोधायला दोन मिनिटं लागली. पण उघडून ऐकायला मी तीन महिने लावले. एका सुट्टीच्या दिवशी दार लावून, कानात मोबाइलची बोंडं घालून मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. किल्लेदाराचा गळा खरंच तसा आहे. ती रडत नाही, रडणं गिळते. शेवटचा सूर मी चार वेळा मागं नेऊन ऐकला. ती तो इतका वेळ धरते की आपल्यालाच गुदमरायला होतं. बारीक करत करत जवळजवळ नाहीसा करते आणि तिथून परत वर आणते, आणि तो संपायच्या आत एक माणूस ओरडतो. आबा म्हणायचे तसाच. एकटा.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. आबा ओट्याशी उभं राहून चहा गाळत होते. पाटीवर हे लिहून कळणार नव्हतं. मला वाटलं, त्यांचं मनगट हातात घ्यावं, तिनं जेवढा वेळ सूर धरला तेवढा वेळ धरून ठेवावं, जिथं ती बारीक होते तिथं पकड सैल करावी, जिथं परत वर येते तिथं घट्ट करावी, आणि तो ओरडतो तिथं सोडून द्यावं. त्यांना कळलं असतं. जगात दुसऱ्या कुणाला नसतं कळलं, पण त्यांना कळलं असतं.

मी मागून जाऊन त्यांचं मनगट धरलं.

आबा दचकले. त्यांनी दाराकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, कोण आलंय, कोण बघतंय ते. गाळणी घाईघाईनं ओट्यावर ठेवली.

"बसतो, बसतो," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून खाली बसले.